देवीदासचा हबका

अमरावतीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा खरा मालक कोण, असं कुणी विचारलं की देवीदास नुसता हसायचा. हुद्दा परिचराचा, मूळचा तेल्हाऱ्याचा, आणि निवृत्ती दिवाळीनंतर. आधीच्या पोरांसारखंच पीएचडी करणाऱ्या पौर्णिमाचं घोटायचं कामही त्यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं. एक भुकटी औषधाची, एक आम्लाची. खलात तासभर घोटल्या की दोघींचा मिळून एकच स्फटिक व्हायचा. तसं झालं तर न विरघळणारं औषध पोटात चटकन विरघळेल, म्हणून तिचा हा सगळा खटाटोप. घोटायचं मात्र कोरडं, अशी सक्त ताकीद.

आता वऱ्हाडातला उन्हाळा, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि भुकटी उडून नाकात जातेय. माणसानं करावं काय? बायको मैनाबाई अंगण झाडण्याआधी मारते, तसा देवीदास खलात पाण्याचा हबका मारायचा. दोनच थेंब. शिंका बंद, ताई खूश.

मग तो भाचीच्या लग्नाला अकोटला गेला. पौर्णिमानं स्वतः घोटलं, अगदी कोरडं. स्फटिक होईना. तीन आठवडे हात सोलवटले, तरी दोन्ही भुकट्या एकमेकींना ओळख दाखवीनात. तिचे मार्गदर्शक हरिहर सर, त्यांनी सांगून टाकलं, पुन्हा होत नसेल तर चार वर्षांचं काम गुंडाळा. पोरगी खिडकीशी जाऊन रडली.

देवीदास अकोटहून परतला तो हे बघायलाच. बोलावं तर निवृत्तीच्या तोंडावर मेमो, न बोलावं तर लेकराचं वाटोळं. शेवटी गेलाच बापडा.

“ताई, तुमी कोरडं म्हनलं होतं. मी पानी मारून राहिलो होतो.”

पौर्णिमानं डोळे पुसले. “किती?”

दोन थेंबांत काम झालं. क्ष-किरणांनी आत पाहिलं तर दोन्ही रेणूंच्या मधोमध पाण्याचा रेणू बसलेला, एक हात इकडे, एक हात तिकडे. तो नसला तर ते दोघं शेजारी उभे राहायलाही राजी नाहीत. सरांनी लिहायला घेतलेला मेमो बाजूला सारला. देवीदासला वाटलं, सुटलो.

सरांनी मात्र कपाट उघडलं, जुने प्रबंध काढून टेबलावर रचले आणि त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

“देवीदास, आणखी कुठं कुठं पाणी मारलं?”

देवीदासनं तो ढीग वरपासून खालपर्यंत न्याहाळला. “सांगतो सर. पन चहा सांगा. वेळ लागन.”