क्रेप बँडेजचा वर्ग

माणूस पाहताक्षणी त्याला कुठल्या वॉर्डात कामाला लावावे हे सांगणारी बाई साऱ्या विदर्भात एकच, आणि ती आमची मेट्रन. यवतमाळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात बाई जिल्हाभरच्या इन्चार्ज सिस्टरांना पुढारपण शिकवत. कागदावर त्या प्रशिक्षणाचे नाव फार भारदस्त होते, बाई म्हणत, "पोट्ट्या ओळखा अन् पोट्ट्या वाढवा." माणसे हेरायची ही खोड सुटीच्या दिवशीही सुटत नसे. बाभुळगावच्या एका लग्नात वाढणाऱ्या बायका न्याहाळताना त्यांचे स्वतःचे जेवण थंड झाले. "ते वरण वाढून राह्यली ना, तिले पाह्य. कोणाच्या पानात काय सरलं ते न इचारता समजते तिले. आयसीयूची बाई हाये!" जिलबीवालीला मात्र त्यांनी अपघात विभागात टाकले, कारण ती नवरदेवाच्या मामालाही दटावत होती. उमरखेडच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला विचारले, "तुमी नर्सिंगले काहून नाही गेले?" तो बिचारा पुसद येईपर्यंत लाजत होता.

आम्हा इन्चार्ज सिस्टरांचा एक जुना रोग आहे. नवी मुलगी सलाइन लावू लागली की "सरक, मी करते" म्हणून सुई काढून घ्यायची. त्यावर बाईंचा इलाज म्हणजे इन्चार्जचे हात क्रेप बँडेजने मागे बांधून तिला स्टुलावर बसवायचे आणि तिच्यादेखत नव्या मुलीकडून रबरी पुतळ्याला सलाइन लावून घ्यायचे. भल्याभल्या कासावीस होत. एकीने पायाने ट्रे सरकवला, दुसरीने हनुवटीने शीर दाखवली. "तुमी करून राह्यल्या म्हणून त्या शिकून नाही राह्यल्या!" बाई गरजत.

यंदा बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्याशिवाय वर्ग चालतो का ते एकदा पाहू, नाहीतर बंद करू, असे दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी ठरवले. बाईंनी बेधडक आमच्यातल्या राठोड सिस्टरला शिकवायला उभे केले. ती तांड्यावरची, अबोल, पण शिकवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. बाई स्वतः शेवटच्या बाकावर बसल्या आणि माझ्यापुढे हात केले. "बांध. घट्ट बांध वं, माह्या हाताचा मले भरवसा नाही."

राठोड सिस्टर दोन वाक्ये बोलली आणि अडली. साहेब घड्याळ पाहू लागले. साऱ्या माना बाईंकडे वळल्या. मला तर बाईंचा रागच आला, एक शब्द सांगितला तर काय बिघडणार होते? बाई मात्र खिडकीबाहेर पाहत राहिल्या. वर्ग बुडाला असे मी धरून चालले, तेवढ्यात राठोड सिस्टर पुढे आली. "साहेब, जरा स्टुलावर बसता का?" तिने शांतपणे साहेबांचेच हात बांधले आणि एका नव्या मुलीला पुतळ्याजवळ बोलावले. मुलीने सुई उचलताच साहेब ओरडले, "अगं, तिथं नाही!"

"साहेब, तोंडाले चिकटपट्टी लावू का?" राठोड सिस्टरने विचारले.

हॉल हसून कोसळला. साहेबही हसले, आणि वर्ग सुरू ठेवा म्हणाले.

मी बाईंची गाठ सोडायला गेले. "थांब," त्या म्हणाल्या, "सगळ्या चहाले जाऊ दे. आता सोडलं तं मी तिच्या चुका सांगायले धावीन." सगळ्या गेल्यावर मी बँडेज सोडले. ते घामाने भिजले होते. बाईंनी मनगटे चोळली, बँडेजची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

"हे राठोडले दे. मी द्याले गेली तं शिकवत बसीन."