थोडं आधी बोलावलं असतं तर

माझ्या दादाला राग येत नाही याचं गावभर कौतुक आहे. डॉक्टर म्हणजे लोण्याचा गोळा, असं लोक म्हणतात. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, तीही जनावरांचीच डॉक्टर, पण ती तोंडाची फटकळ. 'बाई नकोत, डॉक्टरांनाच पाठवा' असा फोन आला की दादा मिशीतल्या मिशीत हसतो. मी या दोघांची गाडी चालवते, औषधांचं कपाट सांभाळते, फोन घेते. इतकी वर्षं जवळून बघून माझं मत पक्कं झालंय. ज्याला कधीच राग येत नाही, त्याच्या वाटणीचं रागवायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. आमच्या घरात ते वहिनीच्या गळ्यात पडलं, आणि आता थोडं माझ्याही. सख्खी बहीण असून मी हे लिहितेय, कारण लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

दोघं कॉलेजात एकाच वर्गात होती. वहिनीचा नंबर वरचा. हे दादा स्वतःच पाहुण्यांना सांगतो, अगदी लाडात येऊन, जणू यानेच तिला पुढे जाऊ दिलं. आमचा दवाखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत टेबल, वजनकाटा आणि कुत्र्यामांजरांना मांडीवर घेऊन बसणाऱ्यांसाठी बाक. दुसरीत फ्रीज, मोरी आणि कायम ओले असलेले रबरी एप्रन. खरं काम बाहेर, लोकांच्या गोठ्यांत. वहिनीचा हात लहान आणि निमुळता आहे. अडलेल्या गाईच्या पोटात तो हात गेला की ती डोळे मिटते आणि आत काय कुठे आहे ते समोर मांडून ठेवल्यासारखं सांगते. दादाचा पंजा म्हणजे फावडं. तो टाके सुरेख घालतो, औषधांचं त्याचं पाठांतर पक्कं आहे, आणि मुख्य म्हणजे तो बोलतो. गाय वहिनी सोडवते आणि मालक म्हणतो, 'डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून.' डॉक्टर मान डोलावतात.

लग्न झालं त्याच वर्षी दोघांनी एक नियम केला. मालकासमोर एकमेकांना खोडायचं नाही. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगायला लागले की माणूस घाबरतो आणि तिसऱ्याकडे जातो, असं दादाचं म्हणणं. तेव्हा ते वहिनीलाही पटलं. म्हणून मत वेगळं पडलं की म्हणायचं, 'गाडीतून हातमोजे घेऊन येते.' दुसऱ्याने काहीतरी निमित्त काढून मागोमाग यायचं. मग डिकी उघडून, दोन्ही डोकी आत खुपसून काय ते भांडून घ्यायचं आणि हसऱ्या तोंडाने गोठ्यात परत जायचं. मी पुढे बसून किती भांडणं ऐकली असतील. आमच्या डिकीत जेवढे हातमोजे आहेत तेवढे जिल्ह्याच्या दवाखान्यात नसतील. पुढे पुढे दादा यायला वेळ लावायला लागला. वहिनी डिकीपाशी ताटकळत उभी, आणि आतून दादाचे विनोद ऐकू येताहेत, हे नेहमीचंच झालं. मला ते बघून संताप यायचा. ती म्हणायची, 'जाऊ दे गं, येतो तो.'

गावातल्या टेलरकाकांकडे एकच गाय होती, आणि तीही खरं म्हणजे काकूंची. त्या गाईची आई गेली तेव्हा काकूंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. पहिल्यांदाच व्यायला आली होती. सकाळी काकू म्हणाल्या, गाय बेचैन आहे, डॉक्टरांना फोन करा. काका 'करतो' म्हणाले आणि शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बुडून गेले. आम्हाला फोन आला तो दुपारी. आम्ही पोचलो तेव्हा काकू नवऱ्याला टाकून बोलत होत्या आणि काका गळ्यात टेप तशीच अडकवून मान खाली घालून ऐकत होते.

गोठ्यात डेअरीचे चेअरमन उभे होते. शेजारीच राहतात, आवाज ऐकून आलेले. डेअरीच्या सगळ्या जनावरांचं काम आपल्याकडे यावं म्हणून दादा कधीपासून त्यांच्या मागेपुढे करत होता. त्यांना पाहताच त्याचा आवाज चढला. त्याने बाह्या सरसावल्या, हात घातला न घातला आणि म्हणाला, 'काही घाबरायचं कारण नाही. गर्भपिशवीचं तोंड उघडत नाहीये, कळा कमी पडताहेत. एक इंजेक्शन दिलं की मोकळी होईल.' मग वहिनीने हात घातला. नेहमीसारखे डोळे मिटले. पण या वेळी पटकन उघडले.

'मोजे घेऊन येते गाडीतून,' ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'मोजे आहेत माझ्याकडे.'

तरी ती बाहेर आली, मागोमाग मीही. डिकी उघडली आणि मला म्हणाली, 'पिशवीला पीळ बसलाय. माझा हात आत जाताना वळत वळत गेला. गाईला आडवं पाडून लोळवायला हवं. पीळ सुटला तर वासरू येईल. कळांचं इंजेक्शन दिलं तर आत फाटेल सगळं.'

'मग आत जाऊन सांग की.'

'चेअरमन आहेत. येईल तो आता. त्याला कळलंय मी काय म्हणतेय ते.'

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. गोठ्यातून दादाचं हसणं आलं, मागून चेअरमनचं. आणि मग गाय ओरडली. तसं ओरडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. वहिनी धावत सुटली, मी तिच्या मागे. दादाच्या हातात सिरिंज होती, रिकामी.

पुढचं लांबवत नाही. दिवस मावळायच्या आत गाय गेली, वासरूही आतच गेलं. वहिनीने शेवटी पुन्हा हात घालून पाहिलं. तिने सांगितलं होतं तसंच झालं होतं. दादा नळावर हात धुताना, अशा वेळी लावतो तो मऊ आवाज लावून म्हणाला, 'थोडं आधी बोलावलं असतं तर.'

हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाच्या खिशात असतं. बऱ्याचदा खरंही असतं. त्या दिवशी ते धादांत खोटं होतं आणि बोलणाऱ्याला ते माहीत होतं. टेलरकाकांनी दोन्ही हातांनी दादाचा ओला हात धरला. 'तुम्ही खूप केलंत, डॉक्टर. माझंच चुकलं.' दादाने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. काकू नवऱ्याकडे बघत होत्या, आणि ती नजर बघून मीच मान फिरवली. वहिनी एप्रनसकट मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

काही दिवसांनी दादाची पँट आखूड करायला म्हणून मी टेलरकाकांकडे गेले. शिलाई मशीन घरातून बाहेर पडवीत आलं होतं. शेजारी खाट, खाटेखाली ताट-पेला, खुंटीला टॉवेल. माणसाने बिऱ्हाडच पडवीत मांडलेलं. 'आत उजेड कमी पडतो,' काका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, 'बोलत नाही ती माझ्याशी. ताट आणून ठेवते आणि जाते. तिचं तरी काय चुकलं. सकाळीच फोन केला असता तर गाय वाचली असती. डॉक्टरच म्हणाले ना.' मी पँट त्यांच्या हातात दिली आणि तोंडात मारल्यासारखी परत आले.

घरी आले तेव्हा दोघं चहा पीत होती. मी सगळं सांगितलं. वहिनीने कप खाली ठेवला.

'तू जाऊन त्यांना खरं सांग,' ती दादाला म्हणाली.

'सांगून काय होणार? मेलेली गाय परत येणार आहे?'

'टेलर जिवंत आहे ना अजून.'

'अगं, उद्या एक माणूस दारात उभा राहणार नाही आपल्या. नवराबायकोचं होतंच भांडण. मिटेल.'

तेव्हा वहिनीच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो मी जन्मात विसरणार नाही. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, 'तुझ्या गोडबोलेपणावर मी निम्मं आयुष्य काढलं. तू हसून वेळ मारून नेलीस आणि नंतर लोकांची बोलणी मी खाल्ली. ते चाललं. पण एका माणसाला त्याच्याच घरातून उठवलंस तू, आणि वर त्याच्याकडून आभार घेऊन आलास. तू खरं सांगेपर्यंत मी कुठल्याही जनावराला हात लावणार नाही. तुझा पंजा आहे, तू आहेस, बघून घे.'

दादाला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. अडलेल्या गाईंचे दोन फोन आले, तो एकटा गेला, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या गावच्या डॉक्टरला बोलवायची पाळी आली. लोक विचारायला लागले, बाईंना बरं नाही का. त्यांना बाई आता आठवल्या. वहिनी घरात बसून राहिली. मला वाटत होतं ती फक्त दादावर चिडलीय. मग एके दिवशी मोरीत एप्रन घासता घासता ती म्हणाली, 'माझ्यात आणि त्याच्यात फरक काय गं? मी ओरडून सांगू शकले असते.' मला खोटं बोलता आलं नाही. मी नळ मोठा सोडला.

शेवटी दादा तयार झाला. पटलं म्हणून नाही, अडलं म्हणून. सकाळच्या वेळी आम्ही गेलो. काका पडवीत मशीनवर होते, काकू अंगण झाडत होत्या. दादाने खुर्ची ओढून घेतली आणि आपल्या त्या मऊ आवाजात सुरू केलं, 'काका, त्या दिवशी परिस्थिती जरा गुंतागुंतीची होती...'

'जरा नव्हती,' वहिनी म्हणाली. मालकासमोर तिने दादाला खोडलं ते लग्नानंतर पहिल्यांदा. 'पिशवीला पीळ होता. इंजेक्शन द्यायला नको होतं. त्याने गाय गेली. तुम्ही सकाळी फोन केला असता तरी यांनी तेच इंजेक्शन दिलं असतं.'

काकूंचा झाडू थांबला. त्या वहिनीच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

'हे तुम्हाला कधी कळलं?'

'हात घातला तेव्हाच.'

'इंजेक्शन द्यायच्या आधी?'

'हो.'

'मग?'

'मी गाडीपाशी उभी होते. हे बाहेर आले की सांगणार होते. लोकांसमोर नको म्हणून.'

'म्हणजे माझी गाय आत मरत होती,' काकू म्हणाल्या, 'आणि तुम्ही बाहेर नवऱ्याचा मान सांभाळत उभ्या होतात.'

दादा खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. काकू वळल्या आणि पडवीकडे बघून, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, नवऱ्याला म्हणाल्या, 'अहो, आत चला.'

टेलरकाकांनी मान वर केली नाही. हातातला शर्ट त्यांनी सुईखाली सरळ केला.

'राहू दे,' ते म्हणाले. 'मला सवय झालीय इथली.'

'चला म्हणते ना.'

'यांनी येऊन सांगितलं म्हणून आत घेतेस. हे आले नसते तर?'

काकू तिथेच उभ्या राहिल्या. आम्हाला कुणी जा म्हटलं नाही, पण आता तिथे थांबणं शक्य नव्हतं. फाटकाशी पोचताच दादा कुजबुजला, 'झालं तुझं समाधान? आता तर दोघांचं जास्तच बिघडलं.' आणि मग, गाडीकडे बोट दाखवून, 'जे काय बोलायचं ते तिकडे जाऊन बोल.'

वहिनी जागची हलली नाही. तिथेच, उघड्या फाटकात, टेलरकाका, काकू आणि आवाज ऐकून कुंपणाशी आलेले चेअरमन या सगळ्यांच्या समोर ती दादाला काय काय बोलली, ते मला इथे लिहिता येणार नाही. मी गाडीत बसले, किल्ली पर्समध्ये टाकली आणि तिचं बोलून संपेपर्यंत गाडी सुरू केली नाही.