लिमकाकांची फुलं आणि आमचा गणपती

हसायचं ते मागाहून हसा, आधी चहा संपवा. सिंगापुरात, बिशानला मुलाच्या घरी मी जो पराक्रम केलाय, तो ऐकताना ठसका लागतो!

आमची सूनबाई देवाची फुलं फ्रिजमध्ये ठेवते. सिंगापूरच्या उकाड्यात बाहेर टिकायची कशी? आंघोळ करावी, फ्रिज उघडावा, फुलं घ्यावीत. माझी बाग म्हणजे तो फ्रिजच!

एका शनिवारी उघडतो तर दुधाशेजारी चक्क कुंडी! शेवाळासारखा हिरवा गोळा, वर इवली इवली गुलाबी फुलं. म्हटलं, वा सूनबाई! रोज फुलं आणण्यापेक्षा झाडच आणलं! सावकाश, एकेक करून सगळी खुडली. गणपती काय शोभला म्हणता!

नात डोळे चोळत आली आणि किंचाळलीच. "आजोबा! दॅट्स अंकल लिमचं!"

लिमकाका म्हणजे आमचे शेजारी. बर्फाच्या डोंगरावरचं हे रानफूल. काकू म्हणायच्या, इथं जन्मात फुलणार नाही. काका हट्टाला पेटले. दिवा लावलेल्या छोट्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं जपलं. एकदाचं फुललं, तर नेमका फ्रिज बिघडला! म्हणून कुंडी रात्रीपुरती आमच्याकडे. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन काकू त्याच दुपारी घरी येणार, आणि काका त्यांना ते दाखवणार!

"आता गं?"

"स्टिक बॅक, आजोबा!"

"कशानं?"

पोळ्यांची कणीक मळलेली होती. लावली एकेक फूल चिकटवायला! पाकळ्यांवरचं कुंकू मात्र फुंकून जाईना.

दुपारी चाकाच्या खुर्चीतून काकू थेट आमच्या दारात. काकांनी कुंडी त्यांच्यापुढे धरली. "सी? फ्लावर!"

टपकन एक फूल काकूंच्या मांडीवर. मग दुसरं. मग तिसरं.

काकूंनी देठ चिमटीत धरला. "व्हाय गॉट चपाती?"

मी दोन्ही कान धरले. नातीनं सगळं सांगितलं, देव्हारा दाखवला. काकू गुडघा धरधरून हसल्या. काकांनी मात्र पडलेली फुलं एकेक करून उचलली.

मग माझ्याकडे बोट दाखवत ते काकूंकडे वळले. "ही प्लक, मीन्स गॉट फ्लावर! आय विन, लाह!" हे 'लाह' म्हणजे तिकडचं 'बरं का'.

सुटलो, असं वाटलं. पण नात हुशार. तिनं फ्रिजवर एक चित्र चिकटवलं. मी चष्मा न लावताच पूजेला बसणारा माणूस. दिसले कुणीतरी टक्कलवाले महाराज, कपाळावर लाल गंध. चांगला पंधरवडाभर हात जोडत होतो हो!

शेवटी नातीलाच दया आली. "आजोबा, दॅट्स यू, लाह! नो फ्रिज फॉर यू! ते गंध नाही, फुली आहे!"