बाटलीतल्या पाण्याचा वास

आधीच सांगतो, या साइटवरचे अमानवीय किस्से वाचून मला भीती वाटत नाही, वैताग येतो. अंगारा, नजर, करणी, बाहेरची बाधा... या शब्दांचीच मला शिसारी आहे. तरी हे लिहायला बसलोय, कारण दुसरीकडे कुठे सांगितलं तर लोक माझ्याकडे नारळ घेऊन येतील.

मी श्रीरामपूरचा. स्टेशनजवळ दोन खोल्यांचं घर. आई, मी आणि धाकटा भाऊ शमुवेल, म्हणजे आमचा शमू. दोघंही भाऊ ताडमाड उंच आणि नुसती हाडं. मी झेरॉक्सचं दुकान चालवतो. शमू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि नाताळात चर्चच्या मंडळींबरोबर घरोघरी गाणी म्हणत फिरायचा. अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखं वाजवणारं कोणी नव्हतं, हे मी भाऊ म्हणून सांगत नाहीये.

मला दुखणं आहे ते उजव्या फुप्फुसाचं. त्याला आपोआप बारीक भोक पडतं, हवा छातीत साठते आणि फुप्फुस पंक्चर ट्यूबसारखं बसतं. असं तीनदा झालंय. दर वेळी बरगड्यांमधून नळी घालतात, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडतात. खोकलं की बाटलीत बुडबुडे. आणि त्या पाण्याचा वास... शिळं रक्त, रबर आणि आठवडाभर न बदललेलं फुलदाणीचं पाणी एकत्र केलं तर कदाचित जवळपास जाईल. ती बाटली उशाशी असताना मी जेवलो कसा, ते माझं मला ठाऊक.

त्यात नातेवाईक! कोणी घोरपडीचं तेल आणलं, कोणी कबुतराचा रस्सा. एका मावशीने छातीला चोळायला कसलंसं मलम दिलं, त्याला मेलेल्या उंदराचा वास होता. मी ते गटारात टाकलं. मावशी अजून बोलत नाहीत, बरंच आहे.

पण मुद्दा वेगळा आहे. दुसऱ्या वेळी फुप्फुस बसायच्या आदल्या दिवशी मला दुकानात तो बाटलीचा वास आला. भपकन. आजूबाजूला कोणालाच येईना. तिसऱ्या वेळीही तेच. नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं, नाक ठणठणीत. छातीचे डॉक्टर ऑपरेशन करून फुप्फुस छातीच्या भिंतीला आतून चिकटवून घ्या म्हणत होते. मी टाळत राहिलो. जड उचलायचं नाही, फुगेसुद्धा फुगवायचे नाहीत, हे सगळं पाळायचो. बाकी नाक आहेच की पहाऱ्याला, असं वाटायचं.

मागच्या नाताळाच्या आधी आम्ही घरात करंज्या करत बसलो होतो. आई लाटत होती, मी सारण भरत होतो, शमू शेजारी बसून कडा कातत होता. सारणाला वेलदोड्याचा घमघमाट सुटलेला. आणि त्यातच तो वास आला. इतका जोरात की मी हातातली करंजी टाकून मोरीकडे पळालो आणि ओकलो. आईला म्हटलं, आलं माझं, चाललो मी. तसाच रिक्षात बसलो.

रिक्षा वळली आणि वास गेला. आधी असं कधीच झालं नव्हतं. एक्स-रे निघाला, एकदम स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत, घरी जा.

घरी आलो. दारात काही नाही. आईपाशी काही नाही. शमूशेजारी टेकलो आणि पुन्हा तेच, तीच बाटली, माझ्या सख्ख्या भावाच्या अंगातून. संध्याकाळी त्याला क्लॅरिनेट घेऊन गाण्यांच्या मंडळींबरोबर निघायचं होतं. मी विचारलं, तुला काही होतंय का रे?

"पाठीत जरा उसण भरलीय," तो म्हणाला. "काल ढोल उचलला ना. तू आता मला पन पेशंट करतो का?"

मी वासाचं सांगितलं, मग आमचं जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनी दारात उभं राहून पाहिलं. मी त्याचं क्लॅरिनेट घेऊन कपाटात कोंडलं आणि किल्ली खिशात घातली. तो मला वेडा म्हणाला, आणखीही बरंच म्हणाला. शेवटी आई रडायला लागली म्हणून तो दवाखान्यात आला. त्याचं डावं फुप्फुस अर्धं बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, आज हा फुंकायला लागला असता तर रस्त्यातच संपला असता.

उंच, सडपातळ माणसांत हे होतं, घराण्यातही असतं, असं त्यांनी समजावलं. पटलं. पण वासाचं काय, विचारल्यावर ते फाईल चाळायला लागले.

आम्हा दोघांचीही ऑपरेशनं झाली. शमूचं क्लॅरिनेट मात्र सुटलं ते सुटलंच. आता तो एका गोदामात माल मोजतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. एकदाच म्हणाला, "दादा, परत वास आला तर मला सांगू नको. मला न्हाई कळून घ्यायचं." तेव्हापासून माझ्याजवळ बसत नाही. ताट घेऊन पायरीवर जातो.

स्वतःच्या नाकाचा इतका तिटकारा कोणाला आला असेल का? जीव वाचवला म्हणतात सगळे. माझ्या भावाला मी कुत्र्यासारखा हुंगतो, हे त्याला माहीत आहे, आणि मलाही.

गेल्या रविवारी चर्चमध्ये गर्दी होती. उशिरा आला म्हणून शमूला माझ्याच बाकावर जागा मिळाली, खांद्याला खांदा लावून. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. मी श्वास रोखून धरला. छाती दुखायला लागली तरी सोडला नाही, सोडला तो तोंडाने, आणि घेतला तोही तोंडाने. आमेन झालं, शमू उठून गेला. त्याला वास होता की नव्हता, मला माहीत नाही.