दम म्हणायचा खालच्यानं

माझ्या डोक्यावर जॅक राहतो. म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर आणि तो तिसऱ्या. आईबापानं ठेवलेलं नाव त्याला आहे, पण ते त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागत असेल. गाडीखाली लावतात ना, तो जॅक. हा कपाटाखाली लागतो म्हणून याला जॅक म्हणतात. घरसामान हलवणं हा त्याचा धंदा. ज्या इमारतीला लिफ्ट नाही, किंवा आहे पण तिच्यात कपाट मावत नाही, तिथं त्याला बोलावतात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाहीच.

मी रफू करते. कोटाला कसर लागली, साडीला खिळ्यानं भोक पाडलं, की लोक माझ्याकडे येतात. या कामाला उजेड लागतो आणि शांतता लागते. उजेड खिडकीतून येतो. शांतता जॅकच्या हातात होती आणि बरीच वर्षं त्यानं ती नीट सांभाळली. दिवसभर बाहेर ओझी वाहायची आणि घरी येऊन ओंडक्यासारखं पडायचं, असा त्याचा क्रम होता. वरून घोरण्याखेरीज काही ऐकू यायचं नाही.

त्याच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिन्यावरून कपाट चढवायला दोघं लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा उलट्या पावलांनी चढतो आणि वळणं सांभाळतो. वजन सगळं खालच्याच्या छातीवर. या दोघांना जिन्यात बोलायला दोनच शब्द. वरचा म्हणतो "घे", की उचलायचं. खालचा म्हणतो "दम", की टेकवायचं. दम वरच्यानं म्हणायचा नाही, त्याचे हात तुटायला आले तरी नाही. ज्याच्या छातीवर ओझं, थांबायचं त्यानंच सांगायचं. आणि जिन्यात मानपान नाही. जॅकच्या वर असायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. एरवी तो "दाजी, तुम्ही बसा, दाजी, तुम्ही जेवा" असं करणार, पण जिन्यात सरळ "घे!". लग्नात जॅकला बायकोबरोबर हा जोडीदारही मिळाला आणि दोन्ही संसार सारखेच टिकले.

मग ते कपाट झालं. एका दुकानदाराचं लोखंडी कपाट, चौथा मजला, अरुंद जिना. शेवटच्या वळणाआधी जॅकचे गुडघे वाकले. दम म्हणाला नाही, काही नाही, नुसता वाकला. कपाट कलंडलं आणि मेहुण्याचा हात कपाट आणि कठड्याच्या मध्ये सापडला. जॅकनं पाठ लावून कपाट अडवलं, नाहीतर दोघंही खाली गेले असते. मेहुण्याची दोन बोटं मोडली. पुढं जुळली, पण वाकडी जुळली.

दवाखान्यात मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, दम म्हणायला जीभ झडली होती का? एवढी कसली मस्ती?"

जॅक गप्प राहिला. प्लास्टर निघाल्यावर मेहुणा दुसऱ्या टोळीत गेला. जॅक आज हा, उद्या तो, असे मिळतील ते जोडीदार घेऊन कामं करू लागला. मोठी कामं सुटली. बायकोची इकडे आड तिकडे विहीर. नवऱ्याची बाजू घ्यावी तर भावाची बोटं दिसतात आणि भावाची घ्यावी तर नवरा ताटावरून उठतो. ती माझ्याकडे येऊन रडायची. मी सुई थांबवायची नाही, पण ऐकायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा दिवा हलायला लागला.

आधी वाटलं, वर काहीतरी कुटतायत. मग वाटलं, फरशी फोडतायत. छतावरून धप, धप, धप, मग जरा शांत, की पुन्हा धप, धप. एका भारी कोटाच्या बाहीवर काम चालू होतं, सुई बोटात गेली. मी दात ओठ खाऊन बसले. आणि तेवढ्यात वरून त्यांच्या मुलीचा आवाज आला, चांगला खणखणीत: "दम! दम! अरे दम!"

मी मनात म्हटलं, बाई गं, कार्टी बापाला दम देतेय. एवढ्या थराला गेलं म्हणजे आता जायलाच हवं. शिवाय बोटातून रक्त येत होतं, म्हणजे भांडायला कारणही होतं. मी जिना चढले.

दार उघडंच होतं. खोलीच्या मध्यभागी जॅक उभा, घामानं निथळत, आणि त्याच्या पायाशी पाण्याचा भरलेला कॅन. समोर मुलगी, कमरेवर हात. ही शाळेत खेळाचा तास घेते. पोरांना पळवून भागलं नाही, म्हणून आता बापाला धरला होता.

"काकू, बघा ना," ती म्हणाली. "मी म्हणते दम लाव, अजून थोडा दम लाव, आणि हा प्रत्येक वेळी कॅन खाली ठेवतो!"

"तूच म्हणालीस दम," जॅक म्हणाला.

"जोर कर म्हणून म्हणाले!"

"दम म्हणजे टेकवायचं," जॅक म्हणाला. "आयुष्यभर टेकवत आलोय."

मला हसू आवरेना. एका शब्दाच्या तीन चिंध्या झाल्या होत्या: मुलीचा दम जोराचा, बापाचा विश्रांतीचा, आणि मी ऐकला तो धमकीचा. जॅकच्या बायकोनं माझ्या बोटाला हळद लावली आणि सगळं सांगितलं. जिना चढताना त्याला धाप लागते हे तिला कधीपासून माहीत होतं. त्या अपघातानंतर मुलगी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत आहे, पण ती कधी पळवलेलीच नाही. मग मुलीनं हे सुरू केलं.

"मी दिवसभर वजनंच उचलतो," जॅक कुरकुरला. "मला कसला व्यायाम शिकवते?"

"बाबा, तू ताकदीचा सावकार आहेस आणि दमाचा भिकारी," मुलगी म्हणाली. "उचलतोस ते दहा पावलं. मग टेकवतोस, विडी ओढतोस, गप्पा मारतोस. जिना तेवढा वेळ देत नाही."

मी म्हटलं, ते सगळं खरं, पण माझ्या दिव्याचं काय? तेव्हा ठरलं, की मी कपडे पोचवायला बाजारात जाते त्या वेळात उड्या मारायच्या. तो करार त्यांनी बऱ्यापैकी पाळला. आता दिवसातला थोडा वेळ माझ्या छताखाली दिवा नाचतो, पण मी तो बघायला घरात नसते.

सुरुवातीला जॅकनं लबाडी केली. ताकद आहेच, मग नुसत्या उड्या मारू, जागच्या जागी पळू, झटपट दम येईल, असं त्याचं गणित. झालं काय, तर गुडघे सुजले. जिन्यात मला भेटला तेव्हा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. मुलीनं त्याला खुर्चीपुढं एका पायावर उभं केलं आणि म्हणाली, आता सावकाश बस. जॅक धपकन बसला. खुर्चीचा एक पाय निसटला.

"दोन पायांवर हत्ती, एका पायावर भोपळा," ती म्हणाली. "नेहमी उजव्या खांद्यावर घेतोस, उजव्या पायावर उठतोस. डावा पाय फुकट जेवतो. आधी तो कामाला लाव, मग उड्या."

मग मात्र तो सरळ झाला. एक दिवस ताकदीचा: कॅन धरून सावकाश खाली बसायचं, त्याहून सावकाश उठायचं, वाळूची पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन उंबऱ्याएवढ्या पाटावर चढ-उतार. दुसरा दिवस छातीचा: थोडा वेळ जीव खाऊन पळायचं, थोडा वेळ चालायचं, पुन्हा पळायचं. मधे एक दिवस काहीच नाही. तो दिवस जॅकला सगळ्यात जड जायचा. गुडघे ताळ्यावर आल्यावर मुलीनं दोन्हींची मोट बांधली. कॅन उचल, ठेव, लगेच उड्या, लगेच परत कॅन. "कपाट जिन्यात हेच मागतं," ती म्हणाली. जॅकनं पुन्हा कॅन उचलला.

तो दमाचा घोळ तिनं वेगळ्याच तऱ्हेनं सोडवला. ती म्हणाली, "ठीक आहे, दम म्हणजे थांबायचं. पण मी म्हणणार नाही. तूच म्हणायचं. आणि पार संपल्यावर नाही, जरा शिल्लक असताना. मोठ्यानं. मला ऐकू आला नाही तर थांबायचं नाही."

त्या दिवशी मी वरच होते, त्याच्या बायकोची शाल परत द्यायला गेले होते. जॅक उड्या मारत होता, तोंड लालबुंद. मग त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नुसती हवा. तो तसाच भिंतीला टेकून घसरत खाली बसला आणि त्याचा चेहरा जो पडला, तो दमल्यामुळं नव्हता. मी आणि त्याची बायको, दोघींनी एकदमच ओळखलं.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी जिन्यातही असंच झालं?"

त्यानं मान डोलावली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

"मग माझ्या भावाला सांगा ना! तो इतके महिने समजतोय की तुम्ही मस्तीत बोलला नाहीत."

श्वास आल्यावर जॅक म्हणाला, "समजू दे. मस्तवाल माणसाबरोबर कोणीतरी उचलेल. ज्याच्यात दम नाही, त्याच्या वर कोण उभं राहील?" आणि बायकोला आणि मला दोघींनाही बजावलं, की हे बाहेर जाता कामा नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा असा. मला राग आला. पण रफूवालीनं लोकांच्या भोकांबद्दल बोलायचं नसतं, मी गप्प बसले.

गुंता सोडवला जॅकच्या सासूनं, तोही नकळत. ती एकटी राहायची आणि आता तिला होत नव्हतं, म्हणून लेकीकडं यायचं ठरलं. पण तिची एक अट होती. तिचं सागवानी कपाट आलं तरच ती येणार. मेहुणा एरवी जॅकचं तोंड बघत नव्हता, पण आईचं कपाट परक्या हातात द्यायला त्याचा जीव होईना, आणि या जिन्याच्या वळणातून ते कपाट काढेल असा खालचा माणूस जॅकखेरीज कोणी नव्हता. तो आला. येताना नव्या टोळीतला एक मिशीवाला गडी घेऊन आला.

"हा दाजींच्या मागं उभा राहील," मेहुणा बहिणीला म्हणाला, जॅकला ऐकू जाईल असं. "पाठीला आधार. काही झालंच तर."

जॅकचे कान लाल झाले. त्यानं बाह्या वर सारल्या. मी माझं दार उघडं ठेवलं. दारावरून कपाट जाणार, चौकटीला धक्का लागू नये म्हणून बघायला नको का? खरं म्हणजे मला बघायचंच होतं. सासूबाई खाली गाडीशेजारी खुर्चीवर बसून सूचना देत होत्या, त्या कोणी ऐकत नव्हतं.

"घ्या," वरून मेहुणा म्हणाला.

घ्या. जिन्यात इतकी वर्षं "घे" म्हणणारा माणूस "घ्या" म्हणाला. शिवी दिली असती तर जॅकला कमी लागली असती, हे मी त्याच्या तोंडावर वाचलं.

कपाट चढू लागलं. पहिलं वळण गेलं. मिशीवाला जॅकच्या पाठीशी हात पसरून, कोंबडी पकडायला निघाल्यासारखा. कपाट माझ्या दारासमोर आलं, चौकटीपासून चार बोटं लांब, आणि मी जॅकचा चेहरा नीट पाहिला. घाम होता. श्वास चालू होता, मोठा पण सरळ. अजून अख्खा जिना चढला असता तो, याची मला खात्री आहे.

"दम!"

इतक्या मोठ्यानं, की खाली सासूबाई दचकून "काय पडलं?" म्हणाल्या.

कपाट टेकलं. मेहुण्याची वाकडी बोटं कडेवर घट्ट होती. तो वरून वाकून बघू लागला. "दम लागला का?"

"नाही," जॅक म्हणाला. "लागायच्या आधी म्हणतो आता."

मेहुणा तसाच वाकून बघत राहिला.

"त्या दिवशी म्हणायचा होता," जॅक म्हणाला. तो कपाटाच्या फळीशी बोलत होता, कारण दोघांच्या मध्ये तीच होती. "तोंड उघडलं होतं मी. आवाजच फुटला नाही. दम म्हणायलाही दम लागतो रे. माझ्यात तेवढाही उरला नव्हता, आणि तुझी बोटं गेली."

वरच्या मजल्यावर जॅकची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. माझेही डोळे भरले. माझं दार, मी भरू देईन.

"मग मी मस्ती म्हणालो तेव्हा गप्प का बसलात, दाजी?"

"मस्ती बरी वाटली."

मेहुणा हसला नाही. त्यानं हात पँटीला पुसले, पकड बदलली, वाकडी बोटं आतल्या बाजूला घेतली. मग जॅकच्या डोक्यावरून मिशीवाल्याला म्हणाला, "तू खाली जा. आईला पाणी हवं का बघ."

मिशीवाला जॅककडे बघत म्हणाला, "आणि मागं कोण?"

"मागं कोणी लागत नाही," मेहुणा म्हणाला. मिशीवाला उतरून जाईपर्यंत तो थांबला आणि मग खाली वाकून म्हणाला, "घे."