तिकडच्या लोकांना थर कळत नाहीत

"तुमच्या तिकडच्या लोकांना एवढे थर कळत नाहीत हो," असं आमचे पुण्याचे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, तेव्हाच माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेलती. मी इकडं सीमाभागात, अनगोळच्या घरी बसून त्यांच्या व्हिडिओ ॲपचे स्क्रीन बनवते. मोबाइलवर व्हिडिओ करताना खाली फोटो, त्यावर आवाज, त्यावर सनई-बिनईचं वाजप, वर नाव, असे एकावर एक थर येतात. प्रत्येक थर सुटा राहिला पाहिजे, चुकला तर तेवढाच काढता आला पाहिजे, हे मी घसा फोडून सांगितलं. साहेबांनी ठरवलं, चारच्या वर थर गेले की ॲपनं खालचे आपोआप एक करून टाकायचे. "एवढं लागतंय कुणाला?"

कुणाला? अहो, आमच्याकडं लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळं दोनदा लिहितात, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये! तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा विषय काढला.

माझी आक्का सांबऱ्याला राहते. तिच्या लेकीचं लग्न संकेश्वरच्या कन्नड बोलणाऱ्या घरात ठरलं. आई जाण्याआधी आक्कानं तिच्याकडून नातीच्या हळदीची ओवी म्हणवून घेऊन रेकॉर्ड केलती, थेट ह्याच ॲपमध्ये. दुसरीकडं कुठं ती नव्हतीच. हळद दळताना जात्यापाशी ती लावायची, म्हणून आक्कानं आईचा फोटो घातला, मागं सनई लावली, मराठीत नाव लिहिलं. व्याह्यांनाही वाचता यावं म्हणून खाली कन्नडमध्ये लिहिलं. झाला पाचवा थर!

हळदीच्या सकाळी तिचा फोन आला. "अगं, नुसती सनईच वाजालीय. ती काढाय गेले की आईचा आवाज बी जातोय. तुमचंच हाय न्हवं हे? कर की बरोबर!"

मी साहेबांना फोन लावला. थर एक केले की जागा वाचावी म्हणून मूळ सुटा आवाज ॲप पुसून टाकतं, हे तेव्हा कळलं. "अशी केस क्वचितच येते," साहेब म्हणाले, "पुढच्या अपडेटला बघू."

"पुढच्या अपडेटला माझी आई परत ओवी म्हणायला येणार हाय काय?" मी ओरडले.

"तुम्ही फार भावनिक होताय."

होतेच भावनिक! आई माझी गेली, त्यांची न्हाय. मी फोन आपटला आणि तडक सांबरा गाठलं.

जात्याभोवती बायका जमल्या होत्या. आक्कानं व्हिडिओ लावला. सनईखाली आई काहीतरी म्हणत होती, शब्द एकही कळेना. आक्कानं मोबाइल बंद केला, जात्याचा खुंटा धरला आणि स्वतःच ओवी सुरू केली. पहिली ओळ म्हणाली. मग जातं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"पुढचं काय गं?"

मला येत नव्हतं.