तुलनात्मक तक्त्यातली शेवटची शाळा

पनवेलजवळच्या खाडीकाठच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी-सातवीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, कारण दुसऱ्या बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. त्यात केंद्रप्रमुखांनी केंद्रातल्या सगळ्या शाळांचा तुलनात्मक तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. शाळेचं नाव, पटसंख्या, चाचणीचे सरासरी गुण, बस.

माहिती भरताना रोडपालीकडच्या एका शाळेने पाठवलेल्या मुलांच्या गुणांच्या यादीत ओळखीचं नाव दिसलं. ही मुलगी सहावीत माझ्याकडे होती. आली तेव्हा जोडाक्षर दिसलं की गप्प व्हायची. वर्षभर मधल्या सुट्टीत तिला वाचायला बसवलं. वर्ष संपताना ती अख्ख्या वर्गाला धडा वाचून दाखवत होती. मग तिची आई दाखला न्यायला आली. मासळीबाजारातून थेट आली होती, दारातच उभी राहिली.

"बाई, तुमच्यावर राग नाय," ती म्हणाली. "पन एक बाई दोन वर्गांना कशी पुरनार? आमी काय करावं, तुमीच सांगा."

मी दाखला काढून तिच्या हातात दिला. आता त्या मुलीचे गुण दुसऱ्या शाळेच्या सरासरीत होते. तक्त्यातल्या आमच्या ओळीत होती जानेवारीत दाखल झालेली, बांधकामावरच्या मजुरांची मुलं, ज्यांना मराठी अजून नीट कळतही नव्हतं.

तक्त्यात शेऱ्यासाठी एक रकाना ठेवू का, असं मी विचारलं. केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हेत, पण दमलेले. म्हणाले, "मॅडम, कारणं लिहीत बसलो तर तक्ता वाचणार कोण?"

पनवेलच्या बैठकीत तक्ता पडद्यावर लागला. आम्ही सगळ्यात खाली. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी पानभर लिहिला, शिक्षिका द्या असंही लिहिलं. उत्तर आलं ते एवढंच: पट वाढवण्यासाठी घरोघरी भेटी द्याव्यात.

मे महिन्याच्या उन्हात मी भेटी दिल्या. बहुतेकांनी पाणी दिलं, हसून बोलले आणि इंग्रजी शाळेचं नाव सांगितलं. शेवटी एका नव्या इमारतीच्या वॉचमनच्या बायकोने विचारलं, आमच्या मुलीला घ्याल का? मुलगी अकरा वर्षांची, गावाकडे दोनच वर्षं शाळेत गेलेली. वयाप्रमाणे सहावीत बसवायची. तिने माझ्या वहीवर स्वतःचं नाव लिहून दाखवलं, हळूहळू, जीभ दातांत धरून.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण हिच्यामुळे चाचणीची सरासरी किती खाली येईल, हाच विचार आधी आला. मला स्वतःचा जितका राग आला, तितका केंद्रप्रमुखांचाही कधी आला नव्हता. मी तिचं नाव लिहून घेतलं आणि शाळा उघडेल त्या सोमवारी लवकर ये, आधी वाचायला बसू, असं म्हणाले.